आधी चहा, मग नियमावली

आर्ट फिल्म म्हटलं की मी उशी जवळ घेऊनच बसतो. मागच्या रविवारी मैत्रिणीच्या घरी बघितलेल्या इटालियन सिनेमाने मात्र झोपच उडवली, बॉस!

सिनेमाचं नाव ‘इल व्हेंतो फा इल सुओ जिरो’, म्हणजे साधारण ‘वारा फिरून येतो’. साल २००५, दिग्दर्शक जॉर्जो दिरित्ती. आल्प्समधलं केर्सोन्यो नावाचं काल्पनिक गाव. तरुण मंडळी कधीच शहरात गेलेली, मागे उरलेत मोजके म्हातारे आणि त्यांची ऑक्सितान भाषा. अशा गावात फिलिप हा फ्रेंच माणूस येतो. एकेकाळचा शिक्षक, आता शेळ्या पाळून चीज बनवतो. सोबत बायको आणि तीन मुलं. गाव खूश! सगळे मिळून त्याचं घर दुरुस्त करून देतात.

मग शेळ्या कुणाच्या तरी गवतात शिरतात आणि कुजबुज सुरू होते. पुढचं सांगत नाही, पण फार अस्वस्थ व्हायला होतं. गावाला वस्ती हवी होती, पण स्वतःच्या पद्धतीने जगणारा शेजारी नको होता.

मोठे स्टार नाहीत, बरेचसे कलाकार तिथलेच गावकरी. तरी मिलानच्या ‘मेक्सिको’ थिएटरात हा सिनेमा वर्षाहून जास्त चालला!

बघताना मी अर्थातच फिलिपच्या बाजूने. नांदेडहून पुण्यात आलो, तेव्हा भाड्याच्या फ्लॅटवर पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंनी चहा-पोहे दिले होते. महिन्याभरात नियम आले. दहानंतर मित्र नकोत, बाइक इथे नको, गच्चीवर कपडे नकोत. भाडं वेळेवर देऊनही मी कायम ‘तो वरचा मुलगा’च होतो.

सिनेमा संपल्यावर हे सगळं तावातावाने सांगत होतो. मैत्रिणीने शांतपणे विचारलं, “आणि तुझ्या सोसायटीत आता काय नियम आहे?”

आता माझा स्वतःचा टू बीएचके आहे. गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये ‘बॅचलर्सना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही’ असा ठराव आला. उशीर झाला होता, भूक लागली होती. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला.

पुढच्या मीटिंगला तो विषय पुन्हा काढणार आहे. “तुम्हाला कशाला नसत्या भानगडी?” असं सेक्रेटरी काका म्हणणारच. म्हणू देत.