घर लीड्समध्ये, पैसे हिमायतनगरमधून: परदेशात नव्याने गेलेल्यांना कसे गंडवले जाते?

समजा, हिमायतनगरचा एक मुलगा सप्टेंबरमध्ये एमएससीसाठी इंग्लंडमधील लीड्सला निघाला आहे. व्हिसा आला, तिकीट झाले, राहायची सोय तेवढी बाकी. फेसबुक ग्रुपवर एक खोली दिसते. फोटो छान, भाडे इतरांपेक्षा कमी. मालकीण सांगते, ‘मी सध्या स्पेनमध्ये आहे. अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल.’ वडील बँकेत जाऊन ए-२ फॉर्म भरतात आणि सव्वा लाख रुपये पाठवतात. मुलगा बॅगा घेऊन त्या पत्त्यावर पोहोचतो, तेव्हा दार उघडणाऱ्या कुटुंबाला खोली भाड्याने द्यायचीच नसते.

उदाहरण कल्पित आहे, पद्धत मात्र जुनी आहे. नव्या देशात पोहोचलेल्या माणसाला तिथले भाडे किती असते, कर खाते कसे बोलते, बँक काय विचारते, यातले काहीच ठाऊक नसते. ठगांना नेमका हाच काळ हवा असतो.

पैसे कुठून गेले, यावर बरेच ठरते

ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की, फसवून बँक ट्रान्सफर करून घेतले गेले असेल तर बँकेने ग्राहकाला ८५ हजार पाउंडांपर्यंतची भरपाई द्यायची. त्याला काही अपवाद आहेत. पण नियम ब्रिटनमधल्या एका खात्यातून तिथल्याच दुसऱ्या खात्यात गेलेल्या पैशांसाठी आहे. वडिलांनी भारतातून पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत. म्हणून पहिले काही आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात काढावेत, स्थानिक खाते उघडावे आणि घर डोळ्यांनी पाहून त्याच खात्यातून अनामत द्यावी. हे थोडे महाग पडते, पण सव्वा लाखापेक्षा स्वस्तच.

कायदा माहीत असला की खोटेपणा लवकर उघडा पडतो. इंग्लंडमध्ये वार्षिक भाडे ५० हजार पाउंडांपेक्षा कमी असेल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. जर्मनीत ती मूळ भाड्याच्या तीन महिन्यांइतकीच असते आणि भाडेकरूला तीन हप्त्यांत भरता येते. ‘आजच सगळी भरा, नाहीतर खोली गेली’ असे कुणी म्हणाले, तर खोली गेलेली बरी.

‘रुपये द्या, पाउंड घ्या’

विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज हमखास दिसतो. एकाला भारतात रुपये हवे असतात, दुसऱ्याला तिकडे पाउंड. बँकेपेक्षा दर चांगला, शिवाय शुल्क नाही. वडिलांनी सांगितलेल्या यूपीआयवर रुपये टाकायचे आणि मुलाच्या खात्यात पाउंड येणार.

कधी पाउंड येतच नाहीत. कधी येतात, आणि ते जास्त वाईट. कारण ते तिसऱ्याच कुणाच्या खात्यातून लुबाडलेले असतात. ती व्यक्ती तक्रार करते आणि मुलाचे खाते गोठते. असा व्यवहार भारताच्या परकीय चलन कायद्यातही बसत नाही, त्यामुळे तक्रार करायला जावे तर आपणच अडचणीत.

फीमध्ये ‘दहा टक्के सूट’ देणारा एजंट याच जातीचा. तो चोरीच्या कार्डने विद्यापीठाची फी भरतो आणि पावतीही दाखवतो. पालक त्याला रुपये देतात. काही आठवड्यांनी खरा कार्डधारक पैसे परत मागतो आणि विद्यापीठ फी थकीत दाखवते. पावती खरी असल्याने इथे भलेभले फसतात.

‘तुझे खाते फक्त दोन दिवस वापरू दे, शंभर पाउंड देतो’ या मागणीला तर उत्तरही देऊ नये. ब्रिटनमध्ये अवैध पैसा फिरवल्याबद्दल १४ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

फोन मिरा रोडवरून

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकून ७० जणांना अटक केली. तिथली मुले इंग्रजी नावे घेऊन अमेरिकेत फोन करत, कर खात्याचे अधिकारी असल्याचे सांगत आणि ‘पोलिस निघालेत’ अशी धमकी देऊन गिफ्ट कार्डांचे नंबर काढून घेत. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या अशाच जाळ्याबद्दल आरोपपत्र उघड केले. त्यातले ठग इमिग्रेशन अधिकारीही बनत. २०१८ मध्ये त्या प्रकरणात अमेरिकेत २१ जणांना शिक्षा झाली, सर्वांत मोठी २० वर्षांची. म्हणजे स्थलांतरितांना हद्दपारीचा धाक घालणारा आवाज आपल्याच मातीतला असू शकतो, आणि त्याला आपली भीती नेमकी ठाऊक असते.

स्क्रीनवर दूतावासाचा नंबर दिसतो म्हणून फोन खरा ठरत नाही. तो नंबर बनावट दाखवता येतो. फोन ठेवावा आणि अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर स्वतः फिरवावा. कोणत्याही देशाचे कर खाते गिफ्ट कार्डने कर घेत नाही.

आखाताकडे निघालेल्यांसाठी

इथे फसवणूक विमानात बसण्याआधीच होते. नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढेच घेता येते, तेही पावती देऊन. ‘व्हिसाचे दीड लाख, रोख’ मागणाऱ्याचे नाव आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधावे. शंका असल्यास प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा टोल फ्री नंबर आहे.

पैसे गेलेच तर?

पहिला तास महत्त्वाचा. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील तर घरच्यांनी लगेच १९३० वर फोन करावा, बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. परदेशी ट्रान्सफर असेल तर शाखेत जाऊन लेखी ‘रिकॉल’ मागावा. समोरच्या खात्यात रक्कम पडली नसेल तर ती थांबू शकते. ब्रिटनमधल्या खात्यातून गेले असतील तर तिथे १५९ हा नंबर बहुतेक बँकांशी थेट जोडून देतो. चॅट, जाहिरात, पावत्या यांचे स्क्रीनशॉट त्याआधीच घेऊन ठेवावेत, कारण ब्लॉक केल्यावर ठग सगळ्यात आधी जाहिरात उडवतो.