डोके आपले, कात्री त्यांची

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आपण सांगतो एक आणि केस कापणारा कापतो दुसरेच, अशा वेळी काय करावे, यावर मी बोलणार आहे. घरी हा विषय सांगितला तेव्हा आमचे हे म्हणाले, "देशात काय कमी प्रश्न आहेत का?" कमी नाहीत, हे खरे. पण ज्यांच्या डोक्यावर हा प्रसंग गुदरला आहे, त्यांना एकदा विचारून पाहा.

तसा हा अनुभव आपल्याला अगदी जावळापासूनचा आहे. मामाने मांडीवर घट्ट धरलेले असते, बाळ जिवाच्या आकांताने रडत असते आणि भोवतीची सगळी माणसे हसत असतात. पहिल्याच कटिंगला गिऱ्हाइकाचे म्हणणे कुणी ऐकत नाही. पुढे शाळेत असताना वडील दुकानात सोडून जातात आणि जाताना सांगतात, "एकदम बारीक करा, दोन महिने बघायला नको." तिथेही डोके आपले आणि हुकूम दुसऱ्याचा. मोठेपणी मग आपण खुर्चीवर मुकाट्याने बसतो, यात नवल ते काय?

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी बारावीसाठी लातूरला राहत होती. नांदेडची कितीतरी मुले शिकवणीसाठी लातूरला जातात, त्यातलीच ती एक. पहाटेच्या शिकवणीला लांब वेणी घालण्यात वेळ जातो, म्हणून एका रविवारी ती पार्लरमध्ये गेली. "खांद्याखाली चार बोटं ठेवा, वेणी आली पाहिजे," असे तिने सांगितले होते. कापणारीने "तुला लेयर छान दिसतील" म्हणत म्हणत केस कानाच्या पाळीपर्यंत आणले. रात्री फोनवर पोर रडायला लागली. मी आईपणाने म्हणाले, "केसच आहेत, वाढतील. अभ्यासाकडे लक्ष दे." त्यावर ती म्हणाली, "आई, केसांचं नाही गं. मी दोनदा थांबा म्हणाले. त्यांनी ऐकलंच नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठवण आली ती माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीची. आम्ही तिला मावशीआजी म्हणायचो. लाल आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली. सोळाव्या वर्षी वैधव्य आले आणि केस गेले. ठरल्या दिवशी न्हावी परसदाराने यायचा आणि ती खाली मान घालून त्याच्यापुढे बसायची. तिला कुणी विचारले नव्हते. खरे तर त्या न्हाव्यालाही कुणी विचारले नव्हते.

पण असे विचारणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. महात्मा फुले यांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईतल्या नाभिकांना एकत्र केले. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार त्या कष्टकरी लोकांनी केला. यजमान घरातला कर्ता पुरुष होता, पैसे तोच देत होता, तरी ज्याच्या डोक्यावर वस्तरा फिरणार त्या माणसाचे मन महत्त्वाचे, हे त्यांनी ओळखले. बोलण्याची सोय नसलेल्या गिऱ्हाइकाचे त्यांनी ऐकले. कात्री हातात असणाऱ्याने कसे वागावे, याचा याहून मोठा धडा मला ठाऊक नाही.

आता आजच्या दुकानात येऊ. कापणारा ऐकत का नाही? आमच्या गल्लीत तीस वर्षे दुकान चालवणाऱ्या मामांनाच मी हे विचारले. ते हसले. म्हणाले, "ताई, लोक सांगतात तरी कुठं? बसले की म्हणतात, बारीक करा. बारीक म्हणजे किती? तुमचं बारीक येगळं, माझं येगळं."

मामांचे म्हणणे खरे आहे. 'थोडे कमी', 'मध्यम', 'नेहमीसारखे' या शब्दांना माप नाही. मशीनला मात्र माप असते. मशीनवर जी फणी चढवतात तिचे नंबर असतात. एक नंबर म्हणजे साधारण तीन मिलिमीटर केस राहतात, दोन नंबरला सहा, चार नंबरला बारा-तेरा. आपल्याला हे नंबर माहीत नसतात आणि गर्दीत तो समजावत बसत नाही.

दुसरे कारण सिनेमाचे. २००३ मध्ये 'तेरे नाम' आला आणि गावोगावची पोरे मधला भांग पाडून, कपाळावर केस सोडून फिरू लागली. २००८ मध्ये 'गजनी' आला, तेव्हा तीच डोकी भादरली गेली. ज्याची चलती त्याचा हात बसतो, आणि मग पन्नाशीच्या गृहस्थालाही त्याच साच्यातून काढले जाते. शिवाय नट्याचे केस दाट आणि सरळ, आपले विरळ आणि कुरळे, डोक्यावर भोवरा वेगळ्या जागी. फोटो तोच, पण डोके दुसरे.

तिसरे कारण पाण्याचे. ओले केस ताणले जातात आणि लांब दिसतात, वाळल्यावर ते आखडतात. कुरळ्या केसांत हा फरक फारच मोठा असतो. ओल्यावर दोन बोटे कापली तर वाळल्यावर चार बोटे गेल्यासारखी वाटतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तेव्हा आम्ही चेष्टेने म्हणायचो, लातुरात आता खरोखरच बिनपाण्याची हजामत होणार! पण केस कोरडे असताना लांबी ठरवली तर फसगत कमी होते, हे मात्र खरे.

चौथे कारण पोटाचे. पुष्कळ दुकानांत कारागिराला पगार नसतो, केलेल्या कामात वाटा असतो. रविवारी बाकावर दहा जण ताटकळत बसलेले असताना एका डोक्याशी चर्चा करणे त्याला परवडत नाही. मोठ्या सलूनमध्ये तर स्पा, रंग, स्ट्रेटनिंग गळ्यात मारायचा आग्रह असतो, तो याच हिशेबातून.

आणि पाचवे कारण आपण स्वतः आहोत. आपल्याला भीड पडते. वस्तरा मानेवर असताना बोलायचे कसे? मग शेवटी मागे आरसा धरला की आपण म्हणतो, "छान झालं," आणि घरी येऊन चडफडतो.

तर मग करावे काय? पहिली गोष्ट, वेळ निवडा. रविवारची सकाळ नको, लग्नाच्या आदल्या दिवशी तर नकोच. मधल्या वारी दुपारी जा, माणूस निवांत भेटतो.

दुसरी गोष्ट, माप बोटांनी दाखवा, आणि ते आपल्याच डोक्यावर दाखवा. काय करायचे याआधी काय करायचे नाही ते सांगा. "कानावरचे केस राहू द्या, कल्ले इथपर्यंतच, मागे मशीन नको." मग त्यालाच विचारा, "काय करणार आहात?" त्याच्या तोंडून आले की निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. फोटो न्यायचा तर नटाचा नको. आपलेच केस पूर्वी कधी चांगले कापले गेले असतील, तो फोटो न्या.

तिसरी गोष्ट, आधी कमी कापायला सांगा. राहिलेले पुन्हा कापता येतात, कापलेले चिकटवता येत नाहीत. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे एक वीत केस परत यायला दीड वर्ष लागते. 'वाढतील' हा शब्द मी लेकीला किती सहज बोलून गेले होते!

चौथी गोष्ट, चूक दिसली की तेव्हाच थांबवा. मान झटकू नका, हातात धारदार हत्यार असते. कापडाखालून हात बाहेर काढा आणि स्पष्ट म्हणा, "थांबा, मला बघू द्या." यात उद्धटपणा काही नाही.

रंगाच्या बाबतीत अधिक जपा. केस काळे करण्याच्या बहुतेक रंगांत, आणि काळ्या मेंदीतही, पीपीडी नावाचे रसायन असते. काहींना त्याने चेहरा सुजण्याइतकी बाधा होते. म्हणून अठ्ठेचाळीस तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून बघावा. "आमच्याकडे कुणाला काही होत नाही," असे कुणी म्हणाले तरी आपण आपली चाचणी करावी.

नुकसान मोठे झाले असेल तर कायदाही आहे. पैसे घेऊन केलेले केशकर्तन ही सेवा आहे आणि तिच्यातल्या त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. त्यासाठी पावती मागून घ्या आणि त्याच दिवशी फोटो काढा. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली एका महिलेचे केस तिने सांगितले त्यापेक्षा फारच आखूड कापले गेले. २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाने तिला दोन कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितले. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सेवेतली त्रुटी मान्य केली, पण एवढी रक्कम पुराव्याशिवाय ठरवता येणार नाही म्हणून प्रकरण परत पाठवले. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. तक्रार क्षुल्लक नसते आणि पुरावा लागतोच.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूनेही सांगितली पाहिजे. वडिलांच्या वयाच्या कारागिराला आपण अरे-तुरे करतो. संत सेना महाराजांचा अभंग गातो आणि त्यांच्याच व्यवसायातल्या माणसाला बसा म्हणत नाही. दुसरीकडे, दलितांचे केस कापायला नकार देणारी दुकानेही याच मराठवाड्यातल्या खेड्यांनी पाहिली आहेत. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणाने असा नकार देणे गुन्हा ठरवले आहे. खुर्चीवरचा आणि खुर्चीमागचा, दोघांनी एकमेकांना माणूस मानले की ऐकणे आपोआप सुरू होते.

आमच्या नांदेडला हे वेगळे सांगायला नको. सचखंड हुजूर साहिबच्या या गावात शीख बांधव केसांना कात्री लावत नाहीत, तिरुपतीला जाणारे आनंदाने सगळे केस देऊन येतात. राखणे काय, देणे काय, ज्याचे त्याने ठरवले की त्याला अर्थ येतो.

त्या फोननंतरच्या रविवारी मी लोहा-अहमदपूर मार्गे एसटीने लातूरला गेले. मायलेकी त्या पार्लरमध्ये गेलो. मी तोंड उघडणार, तोच लेक म्हणाली, "आई, मी बोलते." तिने आवाज न चढवता सांगितले की केस कापल्याचे नव्हे, थांबवले नाही याचे वाईट वाटले. मालकीणबाई आधी म्हणाल्या, "नवी मुलगी आहे हो." मग गप्प झाल्या. थोड्या वेळाने स्वतः उठून त्यांनी मागची बाजू सारखी करून दिली आणि जाताना म्हणाल्या, "चुकलंच आमचं." पैसे घेतले नाहीत. केस काही परत आले नाहीत, पण लेक परतताना माझ्याशी हसून बोलत होती.

मावशीआजीला हे सांगायला ती आता नाही. तुम्हाला सांगितले. पुढच्या वेळी खुर्चीवर बसाल तेव्हा एवढे करा, चष्मा लगेच काढून ठेवू नका. आधी आरशात नीट बघा, काय हवे ते सांगा आणि मगच मान खाली घाला.