उत्तर न मिळालेली प्रार्थना

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ज्याने रात्र जागून काढली आहे, त्याला प्रार्थना म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पहाटे डॉक्टर बाहेर येतात, मान हलवतात आणि एवढा धावा करूनही देवाने का ऐकले नाही, हा प्रश्न मागे उरतो. तो कोणत्याही धर्माच्या भाविकाला पडतो. परंतु देवाला प्रेमळ पिता मानणाऱ्या ख्रिस्ती श्रद्धेत त्याची धार अधिक जाणवते. मागणाऱ्याला मिळेल, असे खुद्द येशूनेच सांगितले आहे. मग आपल्याला का मिळाले नाही?

यावर अनेकदा दोन उत्तरे दिली जातात. एक, ही देवाची इच्छा. दुसरे, तुमची श्रद्धा कमी पडली. दोन्ही उत्तरांत शोकाकुल माणसाने गप्प बसावे, अशी अपेक्षा असते. बायबल मात्र त्याला गप्प बसवत नाही.

तक्रार हीदेखील प्रार्थना

बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांची घडण बहुधा ठरलेली असते. आधी देवाकडे गाऱ्हाणे, मग याचना आणि शेवटी विश्वासाचा उद्गार. तेरावे स्तोत्र असेच आहे. देवा, आणखी किती काळ, या प्रश्नाने ते सुरू होते आणि गायनाच्या निश्चयाने संपते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र वेगळे. त्यात दिलासा नाही. ते अंधारातच संपते. तरीही संकलकांनी ते गाळले नाही. कॅथलिक चर्चच्या नित्य प्रार्थनाक्रमात शुक्रवारी रात्री ते आजही म्हटले जाते. या स्तोत्राचा कर्ता देवावर रुसला आहे. पण तो बोलतो आहे देवाशीच. ज्याच्यावरचा भरवसा उडाला, त्याच्यापाशी कोणी गाऱ्हाणे घेऊन जात नाही.

ईयोबाची कथाही हेच सांगते. संपत्ती, मुलेबाळे आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ नुसते बसून राहतात. त्यानंतर मात्र ते बोलू लागतात. तुझ्या हातून पाप घडले असले पाहिजे, असे त्याला पटवू पाहतात. ईयोब ते मानत नाही. तो थेट देवालाच जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, आणि ईयोब योग्य बोलला असा निर्वाळा देतो. ईयोबाला आपल्या दुःखाचे कारण मात्र अखेरपर्यंत कळत नाही.

येशूचीही विनंती

ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानीच एक मान्य न झालेली विनंती आहे. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने हे दुःख टळावे म्हणून प्रार्थना केली. ती त्याने पुन्हा पुन्हा केली. दुःख टळले नाही. दुसऱ्या दिवशी क्रुसावर त्याच्या मुखी आले ते बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचे शब्द. देवाने आपल्याला का टाकले, असा तो प्रश्न. गेथशेमानेच्या प्रार्थनेतील 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हा भाव सर्वांना ठाऊक असतो. त्याआधी येशूने आपली इच्छा स्पष्ट बोलून दाखवली होती, हे मात्र विसरले जाते. समर्पण म्हणजे इच्छाच नसणे नव्हे.

ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांनी १९४० मध्ये दुःखाच्या प्रश्नाची तर्कशुद्ध मांडणी करणारा ग्रंथ लिहिला होता. १९६० मध्ये त्यांच्या पत्नी जॉय कर्करोगाने गेल्या, तेव्हा त्याच लुईस यांनी देवाच्या मौनावर संतापाने वह्या भरल्या. १९६१ मध्ये त्या टोपणनावाने पुस्तकरूपात आल्या. त्यात प्रश्न सुटत नाही. संताप निवत जातो आणि संवाद चालू राहतो.

महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. दुष्काळाने आईवडील आणि बहीण नेली. पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. त्यानंतर १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण त्यामुळे पुढचे दुःख टळले नाही. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली. त्या वेळी केडगाव येथे त्यांचे बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालू होते. एप्रिल १९२२ मध्ये निधन होण्यापूर्वी त्यांनी ते पुरे केले. विलापाची स्तोत्रे आणि ईयोबाचा ग्रंथ त्यांच्याच हातून मराठीत उतरले.

ख्रिस्ती श्रद्धा पुनरुत्थानाची आशा देते. पण शुक्रवारचा क्रूस आणि रविवारची पहाट यांच्यामध्ये एक शनिवार असतो, आणि शोक करणाऱ्या माणसाचा मुक्काम बहुधा तेथेच असतो. अशा वेळी त्याच्या घरी जाणाऱ्याने ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत. नंतरची भाषणे नकोत.

दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मुंबई, वसई आणि गोव्यातील दफनभूमींत थडग्यांवर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात. तेथे येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले असते असे नाही. तरीही तो थडग्यापाशी उभा राहतो, मेणबत्ती लावतो आणि ज्याने पूर्वी ऐकले नाही असे त्याला वाटते, त्याच देवाशी पुन्हा बोलू लागतो.