क्वापॉंची जमीन आणि आपली ग्रामसभा

टल्सा (ओक्लाहोमा, अमेरिका)

टल्साहून ईशान्येला दीडेक तास गाडी चालवली की सपाट माळावर करड्या टेकड्या दिसू लागतात. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला त्या खटकतात, कारण त्यांच्यावर झाड तर नाहीच, धड गवतही नाही. दगड फोडून त्यातले शिसे आणि जस्त काढून घेतल्यावर उरलेली ही खडी. इथे तिला 'चॅट' म्हणतात. हा टार क्रीकचा परिसर. जमीन क्वापॉ या आदिवासी राष्ट्राची. नंदुरबार जिल्ह्यात दहातली जवळजवळ सात माणसे आदिवासी आहेत, म्हणून ही हकीकत तिकडच्या वाचकांना सविस्तर सांगावीशी वाटते.

क्वापॉंना 1830 च्या दशकात आर्कान्सामधून हुसकावून इथे आणले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच जमिनीखाली खनिज सापडले आणि 1920 च्या दशकात ही जगातली शिसे-जस्ताची एक मोठी खाणपेठ झाली. अनेक क्वापॉ मालकांना सरकारने कागदोपत्री 'व्यवहारास असमर्थ' ठरवले आणि त्यांच्या वतीने खाणीचे पट्टे सरकारी खात्यानेच दिले. नंदुरबारमधल्या शहाद्याच्या भिल्लांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कागद करणारा एक आणि जमीन गमावणारा दुसरा, याच अन्यायाविरुद्ध 1970 च्या दशकात आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना उभी राहिली होती.

1970 च्या सुमारास खाणी बंद झाल्या, कंपन्या गेल्या, पंप थांबले. रिकाम्या बोगद्यांत पाणी भरत गेले आणि 1979 मध्ये ते वर येऊन ओढ्यात मिसळले. ओढा नारिंगी झाला. 1983 मध्ये हा परिसर देशातल्या सर्वांत विषारी जागांच्या सरकारी यादीत आला, पण सुरुवातीची वर्षे सगळे लक्ष पाण्यावर राहिले. चॅट तर घरोघरी पोचली होती. रस्त्यांवर, अंगणांत, मुलांच्या खेळण्याच्या वाळूत तीच होती. 1994 मध्ये आदिवासी मुलांचे रक्त तपासले तेव्हा सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर निघाले. शिसे मुलांच्या मेंदूवर घाव घालते आणि तो भरून येत नाही. त्यानंतर कुठे अंगणांमधली माती खणून बदलायला सुरुवात झाली. पिचर हे गाव तर उरलेच नाही. खालची जमीन पोकळ, केव्हा खचेल याचा नेम नाही, म्हणून सरकारने घरे विकत घेतली आणि 2009 मध्ये गावाची नगरपालिका विसर्जित झाली.

विषारी जागांची ही यादी ज्या कायद्याने आली तो 1980 चा 'सुपरफंड' कायदा. ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा, तो सापडला नाही तर सरकारने करायचा, हे त्याचे सूत्र. सूत्र न्याय्य आहे. मात्र पुढे एक अडचण निघाली. पूर्वी कुणीही केलेल्या प्रदूषणाचा बोजा आजच्या मालकावर येऊ शकत असल्यामुळे बंद कारखान्याची जागा विकत घ्यायला कोणी धजेना, बँका कर्ज देईनात. जुने पेट्रोलपंप, गिरण्या, गोदामे ओस पडली. अशा जागा अमेरिकेत साडेचार लाखांच्या वर असल्याचा सरकारी अंदाज आहे. त्यांना 'ब्राउनफील्ड' म्हणतात. 1993 मध्ये क्लीव्हलँडला छोटे अनुदान देऊन अशा जागा पुन्हा वापरात आणण्याचा प्रयोग सुरू झाला आणि जानेवारी 2002 मध्ये त्याचा कायदा झाला.

या योजनेचा मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग साफसफाईचा नाही, तपासणीचा आहे. नगरपालिका, परगणा, आदिवासी राष्ट्र किंवा ना-नफा संस्था यांना आधी जमीन जाणून घेण्यासाठी पैसे मिळतात. पहिल्या टप्प्यात जुने नकाशे आणि दप्तर धुंडाळायचे, इथे कोणता धंदा होता, टाक्या कुठे पुरल्या होत्या हे जुन्या कामगारांना विचारायचे. दुसऱ्या टप्प्यात भोके पाडून माती आणि भूजलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. ज्याने जमीन बिघडवली त्याला त्याच जागेसाठी हे अनुदान मिळत नाही. सफाईसाठी अर्ज करण्याआधी आराखडा गावासमोर ठेवून सभा घ्यावी लागते. स्थानिक तरुणांना नमुने घेण्याचे, दूषित माती हाताळण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी वेगळे अनुदान आहे. आदिवासी राष्ट्रांना अशा जागांची नोंद ठेवण्यासाठी आणि त्यासाठी स्वतःची माणसे नेमण्यासाठी निधी मिळतो, आणि कॅन्सस राज्य विद्यापीठाची एक तुकडी त्यांना विनामूल्य सल्ला देते. ज्या गावाला अर्ज कसा लिहायचा हेच ठाऊक नाही, त्याला निधी असूनही नसल्यासारखा असतो. म्हणून हा सल्ला मला निधीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

क्वापॉंनी पुढचे पाऊल टाकले. बाहेरचे ठेकेदार येऊन माती उपसून जातात, आपल्या जमिनीची माहिती मात्र त्यांच्या फायलीत राहते, हे त्यांना पटेना. 2013 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेशी करार करून त्यांनी एका जुन्या कॅथलिक मिशनच्या चाळीस एकरांची सफाई स्वतः हाती घेतली. सुपरफंडची सफाई स्वतः चालवणारे ते देशातले पहिले आदिवासी राष्ट्र. एक लाख टनांहून अधिक चॅट त्यांच्याच माणसांनी उचलली. तेव्हापासून एकेक तुकडा मोकळा होतो आहे. टेकड्या अजून खूप आहेत, ओढ्याचे पाणीही स्वच्छ झालेले नाही.

आपल्या जिल्ह्यात टार क्रीक नाही. पण सुरत–भुसावळ रेल्वेमार्गाने नवापूरपर्यंत उद्योग आले आहेत, आणखी येतील. रोजगारासाठी आपली माणसे ज्या गुजरातेत जातात, तिथल्या अंकलेश्वर आणि वापी या वसाहती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या क्रमवारीत देशात पहिल्या दोन होत्या. तेव्हा तयारी आजच करायला हवी.

भारताच्या केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यानुसार स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी कळवायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. प्रदूषण करणाऱ्याने खर्च द्यायचा, तो सापडला नाही तर केंद्र आणि राज्याने. पाऊल चांगले आहे. खाणी आणि घनकचऱ्याचे डेपो मात्र या नियमांबाहेर ठेवले आहेत. म्हणजे टार क्रीक आपल्याकडे असते तर हे नियम लागूच झाले नसते. गावाला तपासणीसाठी स्वतंत्र पैसा आणि सल्लागार मिळण्याची जी सोय मी इथे पाहतो, तशी त्यांत नाही.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. नव्या कारखान्याला जमीन देण्याआधी त्या जमिनीची माती आणि विहिरींचे पाणी सरकारी खर्चाने तपासून अहवाल दप्तरी ठेवावा, असा ठराव तिथली ग्रामसभा करू शकते. वीस वर्षांनी पाण्याची चव बदलली तर आधी ते कसे होते हे सांगणारा कागद गावाच्या हाती असेल. क्वापॉंकडे असा कागद नव्हता. जिल्ह्याची संशयित जागांची सहामाही यादीही ग्रामसभांनी मागावी. ती कोरी असेल, तर कोणी कुठे जाऊन पाहिले आणि मग ती कोरी ठेवली, हेही लेखी विचारावे.