गृहीतकांची झडती

एखाद्या नव्या प्रोसेसरचा आज्ञासंच कागदावर सिद्ध झाला, त्याबरहुकूम चिप घडली, ती बोर्डावर बसून तिच्यात वीजही खेळू लागली, तरी जोवर त्या चिपवर चालणाऱ्या आज्ञावल्यांचे एक संपूर्ण, परस्परांशी सुसंगत आणि कोणालाही मुक्तपणे उचलता येईल असे भांडार उभे राहत नाही, तोवर सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने ते यंत्र अस्तित्वात आलेलेच नसते. लिनक्सचे एखादे वितरण अशा यंत्रावर पोर्ट करण्याचे काम बाहेरून पाहणाऱ्यास निव्वळ वाहतुकीचे वाटते, कारण आज्ञावल्या त्याच, कम्पायलर तोच, मुक्काम तेवढा बदललेला. डेबियन या वितरणाच्या रिस्क-फाइव्ह पोर्टशी एक स्वयंसेवक म्हणून माझा जो संबंध आला, त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की हे काम मुळात तपासणीचे आहे. गेल्या कित्येक दशकांत लिहिल्या गेलेल्या हजारो आज्ञावल्यांच्या पोटात त्यांच्या कर्त्यांच्या नकळत जी गृहीतके शिरून बसली, त्यांची एकेक करून झडती घेण्याचे.

डेबियनचा विस्तार ध्यानात घेतल्याखेरीज या झडतीचा आवाका कळणार नाही. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी घोषित केलेला हा प्रकल्प १९९८ साली निघालेल्या २.० या आवृत्तीत प्रथमच इंटेल-कुळीच्या यंत्रांबाहेर पडला आणि मोटोरोलाच्या ६८००० कुळातील यंत्रांवर अधिकृतपणे चालू लागला. पुढे अल्फा, स्पार्क, पॉवरपीसी, मिप्स, आर्म, आयबीएमचे एस-३९० अशी कितीतरी आर्किटेक्चरे त्याच्या दफ्तरी दाखल झाली आणि त्यांतील काही कालांतराने खारीजही झाली. आज या भांडारात तीस हजारांहून अधिक मूळ पॅकेजे आहेत. रिस्क-फाइव्ह हा आज्ञासंच त्या मानाने अगदी अलीकडचा. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत क्रस्टे असानोविच, डेव्हिड पॅटरसन आणि त्यांचे विद्यार्थी यांच्या हातून त्याचा आरंभ झाला, आणि त्याचे विशेष हे की तो वापरून प्रोसेसर घडविण्यास कोणाची सनद घ्यावी लागत नाही की कोणास स्वामित्वशुल्क मोजावे लागत नाही. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे भारतीय प्रोसेसर याच आज्ञासंचावर उभारलेले आहेत. अशा प्रत्येक प्रोसेसरसाठी तीस हजार पॅकेजांचे निराळे भांडार उभे करणे कोणत्याही एका संस्थेच्या आवाक्यातले नाही. यास्तव सर्वांचे मिळून एकच भांडार असणे आणि ते खुले असणे यात आपलेही हित गुंतलेले आहे.

कामास प्रारंभ करू जाता पहिली गाठ पडते ती एका चक्राशी. सी भाषेतील आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविण्यास कम्पायलर हवा; कम्पायलर ही स्वतः एक आज्ञावली असल्याने तिला चालण्यासाठी जीलिबसी ही पायाभूत लायब्ररी हवी; आणि ती लायब्ररी सिद्ध करण्यास पुन्हा कम्पायलरच हवा. हे चक्र परक्या यंत्रावर बसून तोडावे लागते. नेहमीच्या इंटेल-कुळीच्या संगणकावर प्रथम नव्या यंत्रासाठी यंत्रभाषा जुळविणारी साधने, मग लायब्ररीविना चालेल असा अपुरा, केवळ सी जाणणारा जीसीसी कम्पायलर, मग कर्नलच्या शीर्षफाइली, त्यांच्या आधारे जीलिबसी, आणि शेवटी तिच्या आधारे पुरता जीसीसी, अशी ती उतरंड आहे. रिस्क-फाइव्हला जीसीसीत २०१७ च्या सातव्या आवृत्तीत, लिनक्स कर्नलमध्ये २०१८ च्या जानेवारीत निघालेल्या ४.१५ मध्ये आणि जीलिबसीत त्याच्या पुढच्याच महिन्यात आलेल्या २.२७ मध्ये स्थान मिळाले; या तिसऱ्या मंजुरीपूर्वी आज्ञावली आणि लायब्ररी यांच्यामधील करारच पक्का नसल्यामुळे त्याआधी केलेली कोणतीही बांधणी कायमची मानता येत नव्हती.

पहिले चक्र तुटले म्हणजे त्याहून मोठी चक्रे दृष्टीस पडू लागतात. एखाद्या साध्या लायब्ररीची माहितीपुस्तिका तयार करण्यास जे साधन लागते, ते साधन चित्रे काढणाऱ्या दुसऱ्या साधनावर विसंबून असते, आणि ते दुसरे साधन चार पायऱ्यांनंतर फिरून त्याच लायब्ररीपाशी येऊन थांबते. यावर डेबियनने अशी तजवीज करून ठेवली आहे की पॅकेजाची बांधणी माहितीपुस्तिकेवाचून, चाचण्यांवाचून किंवा एखादे अंग वगळून तात्पुरती करता यावी आणि वर्तुळ एकदा पुरे झाले म्हणजे तेच पॅकेज सर्वांगांनिशी पुन्हा बांधावे. ज्या भाषांचे कम्पायलर त्याच भाषेत लिहिलेले असतात त्यांची गोष्ट याहून अवघड. हॅस्केल, रस्ट यांची स्थिती दह्यासारखी आहे. घरात विरजण नसेल तर ते शेजारून आणण्यावाचून गत्यंतर नाही. शेजारच्या आर्किटेक्चरवर नव्या यंत्रासाठी तयार केलेला कम्पायलर आणून बसवावा, त्याने स्वतःलाच पुन्हा बांधावे, आणि त्या दुसऱ्या पिढीवर मग इतर पॅकेजांचा संसार चालवावा. जावाचे काम काही काळ ‘झिरो’ नावाच्या केवळ अर्थ लावत चालणाऱ्या, म्हणून अतिशय मंद अशा यंत्रणेवर भागवावे लागले. वेगवान पोर्ट मूळ ओपनजेडीकेत दाखल झाले ते २०२२ मध्ये, एकोणिसाव्या आवृत्तीत.

प्रत्यक्ष यंत्रे हाती येण्यापूर्वी आणि आल्यावरही बराच भार क्यूएमू या अनुकरणकर्त्याने वाहिला. तो इंटेलच्या संगणकावर रिस्क-फाइव्हच्या आज्ञा एकेक करून भाषांतरित करीत जातो, आणि त्याच्या आश्रयाने पॅकेजे बांधताही येतात. २०१८ मध्ये सायफाइव्ह कंपनीचा ‘अनलीश्ड’ हा लिनक्स चालवू शकणारा बोर्ड आला, २०२१ मध्ये त्याच कंपनीचा ‘अनमॅच्ड’. या दुसऱ्यात १६ गिगाबाइट स्मृती होती आणि बांधणीची अधिकृत यंत्रे म्हणून असे बोर्डच पुढे उपयोगी पडले. तथापि त्यांचा वेग आजच्या चांगल्या संगणकाशी तोलण्याजोगा नव्हता. ज्या चाचण्यांच्या कर्त्यांनी अमुक क्रिया इतक्या सेकंदांत पुरी झालीच पाहिजे असा हुकूम लिहून ठेवला होता, त्या चाचण्या सर्व उत्तरे बरोबर देऊनही नापास होत. यंत्र मंद असणे हा आज्ञावलीचा दोष कसा मानावा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

रोजचे काम असे चालते. डेबियनच्या बांधणी-व्यवस्थेत प्रत्येक आर्किटेक्चरची एक रांग असते. जे पॅकेज बांधावयाचे ते रांगेत उभे राहते, ज्याला लागणारे दुसरे पॅकेज अद्याप तयार नाही ते तहकूब ठेवले जाते, आणि ज्याची बांधणी फसली त्याची नोंद होऊन तिचा साद्यंत वृत्तांत, ज्याला सर्वजण ‘लॉग’ म्हणतात, जतन केला जातो. पोर्ट करणाऱ्याचा बहुतेक वेळ हे लॉग वाचण्यात जातो. ते कित्येक हजार ओळींचे असतात, आणि त्यांची शेवटची ओळ केवळ एवढेच सांगते की काम फसले. खरे कारण बहुधा बरेच वर, एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या सूचनेत, दोन समांतर चालणाऱ्या क्रियांच्या सरमिसळ झालेल्या ओळींत दडलेले असते. जुन्या महसुली दफ्तरात एखाद्या जमिनीचा वहिवाटदार शोधताना ज्या प्रकारचा धीर लागतो, तोच येथे कामास येतो. काही कारणे क्षणात ओळखू येतात. यंत्राचे नाव ओळखणारी ‘कॉन्फिग.गेस’ ही फाइल पॅकेजात जुनी राहिली असेल तर ती रिस्क-फाइव्ह हे नावच जाणत नाही आणि पहिल्याच पायरीवर हात टेकते. ती बांधणीच्या वेळी आपोआप नवी करून घेण्याचा शिरस्ता डेबियनमध्ये रूढ झाला, म्हणून हा उपद्रव पुष्कळच ओसरला.

परंतु जी कारणे मला खरोखर मोलाची वाटतात ती निराळीच. एका लहानशा आज्ञावलीची बांधणी चाचणीच्या टप्प्यावर येऊन अनंतकाळ फिरत राही, शेवटी व्यवस्थाच कंटाळून तिला मोडून टाकी. आज्ञावलीत वावगे काही दिसेना. माझ्या टेबलावरील बोर्डावर ती डीबगरखाली चालवून पाहता असे आढळले, की वापरणाऱ्याने दिलेले पर्याय एकेक करून वाचणारे एक आवर्तन होते आणि पर्याय संपले म्हणजे वाचणारे कार्य उणे एक हा आकडा परत देई. कर्त्याने तो आकडा साठविला होता ‘कॅर’ या एका बाइटाच्या प्रकारात. आता हा प्रकार चिन्हयुक्त मानावा की चिन्हरहित, याचा निर्णय सी भाषेच्या प्रमाणग्रंथाने मुद्दाम कम्पायलरवर सोपविला आहे. इंटेलवर तो चिन्हयुक्त आहे, म्हणून उणे एक हा उणे एकच राहतो. आर्म, पॉवर आणि रिस्क-फाइव्हवर तो चिन्हरहित असल्याने उणे एकाचे २५५ होतात, २५५ कधीही उणे एकाइतके होत नाहीत, आणि आवर्तनास अंत उरत नाही. दुरुस्ती एका शब्दाची होती. पण तो दोष त्या आज्ञावलीत तिच्या जन्मापासून होता. ती ज्या एकाच यंत्रावर वाढली ते यंत्र म्हणजेच सारे जग, असे तिने मानले होते एवढेच.

अशी उदाहरणे पुष्कळ देता येतील. शून्याने पूर्णांकाचा भागाकार केला असता इंटेलचा प्रोसेसर आज्ञावलीस तेथल्या तेथे थांबवितो. रिस्क-फाइव्ह असा कोणताही अडथळा न आणता सर्व बिट एक असलेला आकडा, म्हणजे उणे एक, भागाकार म्हणून देतो आणि पुढे चालू लागतो, त्यामुळे त्या थांबण्यावर विसंबलेल्या चाचण्या बरोबर उलट्या पडतात. सामायिक स्मृतीतील एखादी नोंद अविभाज्यपणे बदलण्याच्या ज्या आज्ञा या आर्किटेक्चरने आरंभी दिल्या, त्या ३२ आणि ६४ बिटांपुरत्या होत्या. एका बाइटावर तीच क्रिया करू पाहणाऱ्या आज्ञावलीस जीसीसी बराच काळ ‘लिबअॅटॉमिक’ या वेगळ्या लायब्ररीकडे पाठवीत असे, आणि इंटेलवर तिची गरज कधी न पडल्यामुळे ती जोडण्याचे कोणाच्याही ध्यानात आलेले नसे. शेकडो पॅकेजे या एका कारणाने शेवटच्या जोडणीच्या टप्प्यावर अडली. सर्वांत कठीण दोष स्मृतिक्रमाचे. प्रोसेसरच्या एका गाभ्याने केलेल्या दोन नोंदी दुसऱ्या गाभ्यास त्याच क्रमाने दिसतील ही हमी इंटेल देतो, रिस्क-फाइव्ह देत नाही. जेथे कर्त्याने क्रमाचे बंधन लिहावयास हवे होते आणि लिहिले नाही, तेथे आज्ञावली क्वचित, भाराखाली आणि प्रत्येक वेळी निराळ्या ठिकाणी कोसळते. हे दोष इंटेलच्या संगणकावरील क्यूएमूमध्ये बहुधा दिसतच नाहीत, कारण खालचे यंत्र आपली शिस्त वरच्या अनुकरणासही लावते. खऱ्या बोर्डास पर्याय नाही असे मी म्हणतो ते यामुळे.

दोष सापडला, दुरुस्ती झाली, तरी काम पुरे होत नाही. ती दुरुस्ती आज्ञावलीच्या मूळ कर्त्याकडे पोहोचून त्याच्या प्रतीत दाखल झाली पाहिजे. केवळ डेबियनच्या पॅकेजापुरती ठेवलेली दुरुस्ती प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर नव्याने बसवावी लागते, आणि ती बसविणारा माणूस एक दिवस कंटाळतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीसोबत एक स्वच्छ कैफियत लिहावी लागते: दोष काय, प्रमाणग्रंथ काय सांगतो, इतर आर्किटेक्चरांवर या बदलाचा काही परिणाम होणार नाही हे कशावरून. काही कर्ते त्याच दिवशी आनंदाने स्वीकार करतात. काही विचारतात की असे यंत्र वापरतो तरी कोण. या प्रश्नाचा मला कधी राग आला नाही, कारण ज्याच्यापाशी ते यंत्र नाही त्याने त्याचा भार का उचलावा हे सांगण्याची जबाबदारी न्यायाने आमच्यावर येते. आणि ‘कॅर’सारखा दोष आर्मवरही तसाच फसतो हे दाखविले म्हणजे आक्षेप सहसा मावळतो.

२०२३ च्या जुलैमध्ये डेबियनने रिस्क-फाइव्हला अधिकृत आर्किटेक्चरांच्या यादीत घेतले. तेव्हा एक गोष्ट घडली जी अनेकांस कठोर वाटली: अनधिकृत भांडारात इतकी वर्षे जमविलेली पॅकेजे जशीच्या तशी न उचलता, त्यांतील अगदी थोडक्यांच्या पायावर बाकी सर्व भांडार अधिकृत बांधणी-यंत्रांवर पुन्हा बांधावयाचे ठरले. माझ्या मते हे योग्यच झाले. जे पॅकेज कोट्यवधी लोक डोळे मिटून आपल्या यंत्रावर बसविणार, त्याच्या उगमाविषयी कोणालाही खातरजमा करता आली पाहिजे, आणि कोणा स्वयंसेवकाच्या घरच्या बोर्डावर, मग तो माझा का असेना, बांधलेल्या पॅकेजाची तशी खातरजमा होऊ शकत नाही. ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या डेबियन १३ मध्ये, जिला ‘ट्रिक्सी’ म्हणतात, रिस्क-फाइव्ह प्रथमच स्थिर आवृत्तीचा भाग झाले. त्याच आवृत्तीत मिप्सच्या ६४ बिटी पोर्टने रजा घेतली.

सध्या वाद चालू आहे तो किमान पात्रतेचा. डेबियनचे पोर्ट २०१८ पासून ज्या आज्ञांवर उभे आहे त्यांत सदिश गणनेचा, म्हणजे एकाच आज्ञेने अनेक आकड्यांवर क्रिया करण्याचा समावेश नाही. ‘आरव्हीए-२३’ या नव्या प्रमाणरूपात तो सक्तीचा आहे, आणि उबुंटू या वितरणाने २५.१० या आवृत्तीपासून हीच पातळी आवश्यक ठरविली. वेगासाठी तसे करण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण स्टारफाइव्हच्या जेएच-७११० चिपवर बसलेले जे स्वस्त बोर्ड आज विद्यार्थ्यांच्या आणि छांदिष्टांच्या हाती आहेत त्यांत या आज्ञा नाहीत, आणि ज्यांनी या आर्किटेक्चरवरील पहिले दोष शोधून दिले त्यांचीच यंत्रे एका फर्मानाने निकालात काढणे मला मान्य नाही. मार्ग उपलब्ध आहे: कर्नलच्या ६.४ या आवृत्तीपासून आज्ञावलीस चालू प्रोसेसरच्या क्षमता विचारण्याची सोय झाली आहे, आणि त्या उत्तरानुसार सदिश किंवा साधा असा योग्य तो भाग ऐनवेळी निवडता येतो. ज्या लायब्ऱ्यांना याचा खराखुरा लाभ होईल, म्हणजे चित्र, ध्वनी, संकोचन आणि संकेतलेखन यांच्या, त्यांत ही निवड घालण्याचे काम मंडळी हळूहळू करीत आहेत, आणि माझ्यापुरता मीही त्याच कामास लागलो आहे.