हसू कुणाला मिळतं?

राज्य नाट्य स्पर्धेच्या रत्नागिरी केंद्रासाठी बसत असलेल्या एका नाटकाची तालीम पाहत होते. नोकऱ्या आटोपून रात्री जमलेली हौशी मंडळी, शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला सारलेली, फरशीवर खडूनं आखलेला रंगमंच. प्रसंग असा: एसटीतून उतरलेली मुलगी घराकडे निघालीय, एकजण तिच्या मागे.

पोरगा गुणी नट. त्यानं शीळ घातली, केसांतून हात फिरवला. बसलेले सगळे हसले. दिग्दर्शिकेनं तालीम थांबवली. "हसू त्याला मिळालं, म्हणजे प्रसंग त्याचा झाला."

मग शीळ गेली, त्याची वाक्यंही गेली. प्रकाश फक्त तिच्यावर, त्याचा चेहरा अंधारात. ती थांबली की तोही थांबणार, पण एक पाऊल उशिरा. ते उशिराचं पाऊल जमता जमत नव्हतं. मुलगी ओढणी सावरायची, तेही तिनंच बदललं. "मी फोन कानाला लावते. पलीकडे कुणी नसतं." वर्गातल्या साऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. ही जागा संहितेत नव्हती.

आपल्या कोकणातल्या नमन या लोकनाट्यातही कृष्ण आणि पेंद्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतात, आणि लोक मनमुराद हसतात. पण तिथे गवळणींचा घोळका असतो, उलट उत्तर द्यायला मावशी असते. एसटीतून उतरलेली मुलगी एकटी असते.

बाईची वस्तू होणं मराठी रंगभूमीला नवं नाही. तेंडुलकरांच्या 'कमला'त विकत आणलेली बाई पत्रकार परिषदेत नेली जाते. आरवलीच्या जयवंत दळवींच्या 'पुरुष'मधली अंबिका बलात्कारानंतर उभी राहते. पाठलाग या सगळ्याच्या आधीचा. त्यात दाखवायला जखम नसते, म्हणून तो रंगमंचावर आणणं मला जास्त कठीण वाटतं. 1990 साली उल्हासनगरात आणि 2020 साली हिंगणघाटात जखम दिसली, तेव्हा पाठलाग करणाऱ्यांनी मुलींना पेटवलं होतं.

पाठलाग हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होते. हे कॉलेजातल्या किती मुलांना ठाऊक आहे?

स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत नाटकाला एकच प्रयोग मिळतो. लांजा, राजापूर, चिपळूणच्या महाविद्यालयांनी असं नाटक आपल्याकडे बोलवावं, आणि मुलग्यांना पुढच्या रांगेत बसवावं.