हॉट टबचे वायरिंग : पाण्याशेजारी विजेचे काम करताना

बंगले, फार्महाऊस, डोंगरावरील रिसॉर्ट आणि शहरांतील मोठे फ्लॅट यांतून अलीकडे गरम पाण्याचे फवारे सोडणारा टब बसविण्याची मागणी वाढली आहे. आपल्याकडे अशा कोणत्याही टबाला सर्रास ‘जकुझी’ म्हणतात. वास्तविक हे एका कंपनीचे नाव आहे. इटलीहून अमेरिकेत जाऊन कॅलिफोर्नियात पंपांचा धंदा करणाऱ्या जकुझी बंधूंच्या घराण्याचे ते आडनाव. टबाच्या अंगातच फवारे बसविलेला पहिला टब या कंपनीने १९६८ साली बाजारात आणला. आता चीनमध्ये तयार झालेले आणि आपल्या देशात जोडलेले टबही सॅनिटरीच्या दुकानांत मिळतात.

या एका कामात तीन-चार धंद्यांचे हात लागतात. दुकानदार टब विकतो, प्लंबर पाण्याची जोडणी करतो, फरशीवाला चौथरा बांधतो आणि शेवटी वायरमनला बोलावले जाते. तोवर ग्राहकाचे पैसे संपत आलेले असतात. मग गीझरचा जुना पॉइंट पुढे केला जातो आणि “यावरच जोडून द्या” असे सांगितले जाते. काम नाकारले तर दुसरा कोणी करून देईल, ही भीती असतेच. म्हणून टबाचे वायरिंग कसे असावे आणि गीझरचा पॉइंट त्याला का चालत नाही, हे प्रत्येक कारागिराला ग्राहकापुढे हिशेबाने मांडता आले पाहिजे.

एमसीबी माणसाला वाचवीत नाही

पहिली गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. एमसीबी ही तारेसाठी असते, माणसासाठी नव्हे. तारेतून जादा करंट वाहू लागला की तार तापून पेटू नये म्हणून ती पडते. माणसाच्या जिवाला मात्र फारच थोडा करंट पुरतो. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ३० च्या पुढे श्वासाला धोका होतो. ५० ते १०० मिलिअँपिअर काही क्षण छातीतून वाहिले तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. ३२ अँपिअरची एमसीबी म्हणजे ३२,००० मिलिअँपिअर. तिच्या दृष्टीने माणसाला बसणारा शॉक हा काही दोषच नव्हे.

त्यात टबात बसलेल्या माणसाचे अंग ओले असते. कोरड्या कातडीचा विरोध काही हजार ओहम असू शकतो, तर भिजलेल्या अंगाचा हजार ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होतो. २३० व्होल्टला हजाराने भागले तर २३० मिलिअँपिअर येतात. ओट्यावरच्या मिक्सरचा हलका झटका बसून हात मागे घेणे वेगळे आणि पाण्यात बसून शॉक लागणे वेगळे, ते यामुळेच.

फक्त अर्थिंगवर भिस्त का नको?

“आमच्याकडे अर्थिंगचा खड्डा आहे, मग भीती कशाची?” असे पुष्कळ ग्राहक म्हणतात. त्याचाही हिशेब करू. खड्ड्याचा विरोध ५ ओहम आहे असे धरा. घरगुती खड्ड्यासाठी हा चांगलाच आकडा झाला. हीटरची कॉइल फुटून फेज टबाच्या लोखंडी सांगाड्याला लागली, तर जमिनीत फार तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जातील. सी प्रकारची ३२ अँपिअरची एमसीबी तत्काळ पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरवर ती तासाभरात पडेल अशीही खात्री नाही. तितका वेळ तो सांगाडा आणि त्याला जोडलेले नळ भारित राहतील.

हेच गणित आरसीसीबी लावून करा. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून पाहते. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडते. गळती मोठी असेल तर त्याहूनही लवकर. कोकणातील जांभ्यात किंवा देशावरील कोरड्या मुरुमात उन्हाळ्यात खड्ड्याचा विरोध १०० ओहमवर गेला, तरी २.३ अँपिअरची गळती होते. आरसीसीबीला हवी त्याच्या कितीतरी पट ती आहे.

याचा अर्थ अर्थिंग वगळले तरी चालते असा नव्हे. अर्थिंग असेल तर बिघाड होताच, कोणी हात लावण्यापूर्वी, आरसीसीबी पडते. अर्थिंग नसेल तर गळतीला वाट माणसाच्या अंगातूनच मिळते आणि त्यानंतर ती पडते. दोन्ही हवीत. शिवाय फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागला तर आरसीसीबीला काहीच कळत नाही, हेही विसरू नये.

लोड, एमसीबी आणि तार

टबाच्या नावाची पट्टी वाचल्याशिवाय तार विकत घेऊ नये. एक नेहमीचे उदाहरण घेऊ : हीटर ३ किलोवॅट, पंप दीड किलोवॅट, हवेचा ब्लोअर ७०० वॅट. एकूण ५,२०० वॅट. २३० ने भागले की २२.६ अँपिअर येतात. मोटारींचा पॉवर फॅक्टर धरला तर २४ च्या घरात जातात. गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे बसूच शकत नाही.

नियम साधा आहे. लोडच्या करंटपेक्षा एमसीबी मोठी आणि एमसीबीपेक्षा तारेची क्षमता मोठी. येथे ३२ अँपिअरची दोन पोलची एमसीबी लागेल. म्हणून पाइपातून नेल्यावर, आपल्याकडच्या उन्हाळ्यातही, ३२ अँपिअरहून अधिक पेलणारी तांब्याची तार घ्यावी. तार कंपनीच्या तक्त्यात ‘कंड्युटमधून’ या रकान्यातील आकडा पाहावा. मोकळ्या हवेतील आकडा मोठा असतो आणि तो फसवतो. ६ चौरस मिलिमीटरची तार येथे काठावर येते. पाइप गच्चीवरील उन्हातून जात असेल किंवा त्यात इतर तारा असतील तर १० ची घालावी. अर्थिंगची हिरवी तार फेजच्याच जाडीची असावी. ही लाइन मेन बोर्डापासून थेट व स्वतंत्र आणावी. वाटेत जोड नसावा आणि दुसरा कोणताही पॉइंट तीवर नसावा.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची घ्यावी. टबाला इलेक्ट्रॉनिक पॅनेल असेल तर ती ‘ए’ प्रकारची हवी, कारण स्वस्तातला ‘एसी’ प्रकार काही प्रकारची गळती ओळखत नाही. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची आरसीसीबी आगीपासून संरक्षणासाठी असते, पाण्यातील माणसासाठी नव्हे. तार, एमसीबी आणि आरसीसीबी तिन्ही आयएसआय चिन्हाच्याच असाव्यात. वाढीव लोडसाठी वीज कंपनीकडे अर्ज करणेही राहू देऊ नये.

न्यूट्रलवरून अर्थिंग : जीवघेणी युक्ती

खड्डा नसलेल्या घरात काही जण सॉकेटमधील न्यूट्रल आणि अर्थिंगच्या टर्मिनलमध्ये तारेचा तुकडा टाकतात. टेस्ट लॅम्प छान पेटतो, ग्राहकही खूष होतो. परंतु मागे कुठेही न्यूट्रल सुटली की उपकरणाच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. टबाच्या बाबतीत याचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

ही युक्ती आरसीसीबी बसविताच उघडी पडते, कारण न्यूट्रलचा काही करंट अर्थिंगवाटे जाऊ लागतो आणि ती पडते. मग “ही सारखी पडते” म्हणून तीच काढून टाकली जाते! पडणारी आरसीसीबी बहुधा खरे बोलत असते. दोन लाइनींची न्यूट्रल एकत्र झालेली असते, इन्व्हर्टरची न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलशी जोडलेली असते, हीटरच्या कॉइलमध्ये ओल शिरलेली असते किंवा एखाद्या डब्यात पाणी साचलेले असते. एकेक लाइन सोडवून दोष शोधावा. आरसीसीबीला वळसा घालून तार जोडणे म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठविणे होय.

सगळे धातू एका तारेत

विजेच्या एकाच तारेवर बसलेल्या पक्ष्याला शॉक लागत नाही, कारण त्याच्या दोन पायांमध्ये दाबाचा फरक नसतो. टबाभोवती हीच स्थिती निर्माण करावी लागते. टबाचा लोखंडी सांगाडा, पंपाची बॉडी, हीटरचे आवरण, जवळचे धातूचे पाइप, नळ, चढण्याचा स्टीलचा दांडा हे सर्व हिरव्या तारेने एकमेकांना आणि अर्थिंगच्या पट्टीला जोडावे. याला बॉन्डिंग म्हणतात. पाइप सीपीव्हीसीचा असेल तर तो जोडण्याचा प्रश्न येत नाही.

कोठे काय नसावे?

आंतरराष्ट्रीय नियमांत टबाभोवतीच्या जागेचे पट्टे पाडलेले आहेत. टबाच्या आत १२ व्होल्टहून अधिक एसी जाऊ नये. आतील दिवे १२ व्होल्टचेच हवेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर या पट्ट्यांच्या बाहेर हवा. टबाच्या वर सव्वादोन मीटर उंचीपर्यंत आणि बाजूला ६० सेंटिमीटरपर्यंत साधे स्विच अथवा सॉकेट नसावे. टबात बसून मोबाइल चार्जिंगला लावता येईल असे सॉकेट ग्राहकाने मागितले तरी देऊ नये. टबाच्या काठावरील बटण हवेच्या दाबावर चालणारे असावे. त्यात बारीक नळीतून फक्त हवा जाते, वीज नसते.

पुरवठा पूर्ण बंद करणारा दोन पोलचा स्विच टबात बसलेल्या माणसाचा हात पोहोचणार नाही अशा जागी, शक्यतो न्हाणीघराबाहेर, पण चटकन सापडेल असा असावा. टबाखालील मोटारीसाठी उघडता येणारे दार आणि हवा खेळायला जागा फरशीवाल्याकडून आधीच ठेवून घ्यावी. जोड पाणबंद डब्यातच करावेत. टेप गुंडाळलेला जोड टबाखाली कधीही नको. मोटारीकडे जाणारी केबल खालून वर वळवून आत न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी टर्मिनलमध्ये न जाता वळणावरच ठिबकते.

बाहेरून मागविलेल्या टबाची पट्टी दोनदा वाचावी. अमेरिकेसाठी बनलेला टब ६० हर्ट्झचा असतो. आपल्या ५० हर्ट्झवर त्याची मोटार हळू फिरते आणि तापते. दुकानदारांनी माल मागवितानाच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ याची खात्री करावी. फार्महाऊसवर जनरेटर असेल तर त्याची न्यूट्रल अर्थ केलेली आहे का ते पाहावे. नसेल तर त्या पुरवठ्यावर आरसीसीबी असून नसल्यासारखीच. टब इन्व्हर्टरवर घेऊच नये.

तपासणी आणि कागद

काम संपल्यावर टबाचे पॅनेल व इतर उपकरणे सोडवून तारांना ५०० व्होल्टचा मेगर लावावा. फेज-न्यूट्रल ते अर्थ विरोध १ मेगओहमहून कमी असता कामा नये. नव्या तारेत तो कितीतरी जास्त येतो. खड्डा अर्थ टेस्टरने मोजावा. आरसीसीबी टेस्टरवर तपासून ती किती मिलिसेकंदात पडते ते नोंदवावे. टब भरून हीटर व पंप चालू ठेवून पुन्हा पाहणी करावी. आरसीसीबीवरील टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबायचे, हे घरातील मंडळींना दाखवून द्यावे. बटण दाबूनही ती पडली नाही, तर बदलून होईपर्यंत टब वापरायचा नाही.

असे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हावे लागते. हाताखाली काम करणाऱ्या तरुणांनी आयटीआयचा तारतंत्री किंवा वीजतंत्री अभ्यासक्रम आणि त्यानंतरचा वायरमनचा परवाना यांकडे दुर्लक्ष करू नये. मोठ्या बांधकामांवर आणि आखाती देशांतही कागद विचारला जातो.

धंद्याच्या दृष्टीने एक सूचना. कोटेशनमध्ये स्वतंत्र लाइन, आरसीसीबी, अर्थिंग, बॉन्डिंग आणि तपासणी ही कलमे वेगवेगळी लिहावीत आणि टबाची ऑर्डर ठरण्याआधीच ते ग्राहकाच्या हाती द्यावे. टबाच्या किमतीपुढे हा खर्च लहान दिसतो. टब बसून गेल्यावर तोच खर्च जड वाटतो. दुकानदारानेही टब विकताना वायरमनचे नाव सुचवून हा खर्च सांगून ठेवला, तर पुढील वाद टळतात. इतके करूनही ग्राहक आरसीसीबी किंवा अर्थिंग वगळा असे म्हणाला, तर ते काम सोडून द्यावे. एका कामाची मजुरी जाईल. परंतु त्या टबात उद्या त्याचीच मुले उतरणार आहेत आणि ती तार कोणी जोडली हे सर्वांना ठाऊक असणार आहे.